पिशवी कुणाची, सोय कुणाची?

मैत्रिणींनो, आधी माझीच एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय डॉक्टरांविषयी बोलायचा मला अधिकार नाही.

पणदऱ्याच्या शिवारात आमचा दोन एकर ऊस आहे. काही वर्षांपूर्वी हंगामात आमच्या उसाला तोड मिळाली आणि नेमक्या त्याच सकाळी टोळीतली एक बाई कोपीतून उठेना. बीडकडची पोर, वय असेल पंचवीस-सव्वीस. ओटीपोटात कळा येत होत्या, अंग तापले होते. मुकादम बाहेर उभा राहून बोलत होता, की एक कोयता कमी पडला तर आजची गाडी भरणार नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण बसला की दोघांचा खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो. मी गेले, तिला हाताला धरून उठवले आणि रस्त्यावरच्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांना म्हणाले, "हिला एखादं चांगलं इंजेक्शन द्या, दुपारपर्यंत फडात जायला पाहिजे." त्यांनी तिच्याकडे पाहिलेच नाही. मलाच विचारले, "काय होतंय हिला?" मी सांगितले. त्यांनी सुई दिली, पुडीत गोळ्या बांधून दिल्या, पैसे मी दिले. सगळे मिळून पाच मिनिटेही लागली नसतील.

ती दुपारी फडात गेली. आठ दिवसांनी सुई टोचलेल्या जागी लिंबाएवढे गळू झाले, ते चिरावे लागले. ओटीपोट दुखत होते ते दुखतच राहिले. ते कशाने दुखत होते हे तिला कळले नाही, मला कळले नाही आणि डॉक्टरांनाही कळले नाही, कारण कुणी तपासलेच नव्हते. आमचा ऊस मात्र वेळेवर कारखान्याला गेला.

मला आज सांगायचे आहे ते एवढेच. त्या पाच मिनिटांत सगळ्यांची सोय झाली. माझी झाली, मुकादमाची झाली, कारखान्याच्या गाडीची झाली, डॉक्टरांच्या गल्ल्याची झाली. जिच्या अंगात सुई गेली तिची तेवढी राहिली. गावातल्या दवाखान्यात आपल्याला मिळणारे उपचार हे आपल्या आजारावर ठरत नाहीत, आपण किती लवकर कामाला परत लागलो पाहिजे यावर ठरतात. हे एकदा ध्यानात आले, की डोळे मिटून घेता येत नाहीत.

डॉक्टरांचे नाव मी देणार नाही. घाबरून नव्हे. एक नाव दिले की गाव त्या एकाला बरेवाईट बोलते आणि बाकीचे सुटतात. आणि खरे सांगायचे तर तो माणूस वाईट नाही. रात्री दोन वाजता दार वाजवले तर उठतो.

आमच्या भागातल्या या दवाखान्यांचे चित्र तुमच्या गावापेक्षा फार वेगळे नसणार. पुढे पत्र्याची शेड, दोन बाकडी, आत टेबल, टेबलाला लागून स्टूल, मागे पडदा असलाच तर अर्धा. हंगामात संध्याकाळी बाकडी भरून माणसे ओट्यावर बसतात. बागायतदाराची सून आणि तोडणीवाली बाई मांडीला मांडी लावून बसलेल्या दिसाव्यात असे गावातले हे एकच ठिकाण! पण समता आली म्हणून आनंद मानू नका. तपासत दोघींनाही नाहीत. डॉक्टर मनगट धरतात, फार तर छातीला नळी लावतात, तीही पदरावरून. रक्तदाबाचे यंत्र टेबलावर असते, पण ते गरोदर बाईच्या दंडाला लागेलच असे नाही. प्रश्न विचारतात ते बरोबर आलेल्या माणसाला, मग तो नवरा असो, दीर असो की बारा वर्षांचा मुलगा.

आणि बाईने तरी काय सांगावे? "अंगावरून पांढरं जातंय" हे वाक्य भरल्या बाकड्यासमोर, कंपाउंडर पोराच्या देखत, कुणाच्या तोंडून निघेल? म्हणून ती म्हणते, "कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो." मग कंबरेचे एक इंजेक्शन आणि अशक्तपणाचे एक लाल इंजेक्शन. तीन रंगांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत, त्यांवर नाव नाही, गाव नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले आणि त्यांनी विचारले, "आधी काय घेतलं?" तर आपण सांगतो, "एक पिवळी होती, एक गुलाबी."

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत साडेसहाशे बायकांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ जणी होत्या. त्या अभ्यासाचा दाखला आपण शिबिरांत कितीदा दिला असेल! गडचिरोली मागास, जंगलातली, असे म्हणून आपण पश्चिम महाराष्ट्रातल्या बायका मनातल्या मनात सुटका करून घेत होतो. आमच्याकडे नीरेचा डावा कालवा आहे, साखर कारखाने आहेत, एमआयडीसी आहे, बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयसुद्धा आहे. तरी आमच्या गटातल्या बायकांना मी विचारले, की बाळंतपण सोडून कधी कुणी तुम्हाला आतून तपासले आहे का, तेव्हा बहुतेक जणी हसल्या. लाजून नव्हे, काय वेड्यासारखे विचारतेस म्हणून.

आता सुईची गोष्ट. या शतकाच्या सुरुवातीला देशभर पाहणी झाली होती. भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली जवळजवळ ६३ टक्के धोकादायक रीतीने दिली जातात, असे तिच्यात दिसले. पुष्कळशी तर गरजच नसताना दिली जातात. हे नुसते आकडे नाहीत. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने कावीळ 'ब' पसरली आणि माणसे मेली. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ भागात पन्नासावर लोकांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे उघडकीस आले, आणि संशय होता तो एकाच सुईने गावभर टोचत फिरणाऱ्या भोंदूवर. आपल्याकडे सुया आता एकदा वापरून टाकायच्या मिळतात, हे खरे. पण पाकीट आपल्यासमोर फोडले, की आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली सुई उचलली, हे आपण कधी बघतो? मीही त्या दिवशी बघितले नव्हते. माझे लक्ष घड्याळाकडे होते.

आणि सलाईन! अशक्तपणा आला की बाटली. आमच्याकडे म्हातारी माणसे दिवाळीआधी आपणहून एकेक बाटली चढवून येतात. पाचशे मिलीच्या ग्लुकोजच्या बाटलीत असते काय? पाणी आणि पंचवीस ग्रॅम साखर. म्हणजे चहाचे पाच चमचे. ज्या गावाच्या उशाशी साखर कारखाना आहे त्या गावातल्या बायका पाच चमचे साखर शिरेतून घेण्यासाठी दोन-तीन दिवसांची मजुरी मोजतात. जुलाब-उलट्यांनी ज्याचे पाणी गेले आहे आणि तोंडाने काही टिकत नाही त्याला सलाईन जीव देते, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण ज्या बाईचे रक्त कमी आहे तिच्या शिरेत साखरपाणी ओतून रक्त कसे वाढेल? तिला हव्या असतात लोहाच्या गोळ्या. त्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, आणि म्हणूनच बहुधा कुणाला त्यांची किंमत वाटत नाही.

यावर डॉक्टरांचे उत्तर ठरलेले असते: "बायकाच मागतात हो. इंजेक्शन दिलं नाही तर दुसऱ्याकडे जातात." गेली तीस-चाळीस वर्षे आपण हे ऐकतो आहोत, आणि वाईट याचे वाटते की आपल्यातल्याच काही जणी आता ते म्हणू लागल्या आहेत. 'बायकांमध्ये जागृती नाही' हे वाक्य तर आपल्या अहवालांत शिक्क्यासारखे उमटते. मागतात, हे खरे आहे. पण का मागतात? कारण दोन दिवस पडून राहायची मुभा तिला नाही. तिला रजा नाही, खाड्याला दंड आहे, घरी स्वयंपाक आहे, गोठ्यात गाय आहे. तिला माहीत असते की गोळीने दोन दिवसांत उतरेल ते सुईने संध्याकाळी दबेल. ती मूर्ख नाही. तिच्या हिशोबात तिचे शरीर हा सर्वांत स्वस्त जिन्नस आहे, आणि तो हिशोब तिने एकटीने मांडलेला नाही. मागणी तिच्या तोंडून येते म्हणून ती तिची होत नाही. त्या दिवशी इंजेक्शन मागितले ते तिने नव्हे, मी मागितले होते.

सुईचे झाले तेच पुढे पिशवीचे होते. इथे मी स्वतःचे सांगते.

माझे वय तेव्हा चौतीस. कंबर दुखायची, अंगावरून पांढरे जायचे, वास यायचा. सहा महिने अंगावर काढले. मग मोठ्या जाऊबाईंबरोबर एका खाजगी दवाखान्यात गेले. तिलाही तोच त्रास होता. डॉक्टरांनी आम्हा दोघींची सोनोग्राफी केली, आतून तपासले नाही. चित्र उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "पिशवीला सूज आहे. मुलं झालीत ना? मग ठेवून काय करायचंय? उद्या कॅन्सर झाला तर?" दोघींना एकच वाक्य. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर बाई पुढचे काही ऐकत नाही. कारखान्याचे बिल आले होते, घरात पैसे होते. ठरले की आधी जाऊबाईंचे करायचे, मग माझे, म्हणजे घरात एक तरी बाई उभी असेल. मी वाचले ती केवळ या क्रमामुळे, माझ्या शहाणपणाने नव्हे.

मधल्या काळात आमच्या आशाताई म्हणाल्या, एकदा बारामतीला सरकारी दवाखान्यात दाखवून तर ये. गेले. पडद्याआड नेले, सिस्टरबाई शेजारी उभ्या राहिल्या, लेडी डॉक्टरने आतून तपासले, गर्भाशयाच्या तोंडाला द्रावण लावून पाहिले आणि म्हणाली, "जंतुसंसर्ग आहे. कॅन्सरचं काही दिसत नाही. गोळ्या देते, पण नवऱ्यालाही घ्याव्या लागतील." गोळ्या आम्ही दोघांनी घेतल्या. नवऱ्याने कुरकुर केली, पण घेतल्या. महिन्यात पांढरे जायचे थांबले. एवढेच होते ते. माझी पिशवी अजून माझ्यापाशी आहे, आणि तिला काहीही झालेले नाही.

जाऊबाईंची गेली. छत्तिसाव्या वर्षी. त्यानंतर तिला रात्री अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली, गुडघे धरले. आम्हाला वाटले, ऑपरेशनचा अशक्तपणा. पुन्हा सलाईन. शेवटी रेशनकार्डाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला घरी सोडतानाचा कागद मी काढला आणि वाचून घेतला. त्यावर लिहिले होते, 'टी.ए.एच. विथ बी.एस.ओ.' त्याचा अर्थ असा, की पिशवी तर काढलीच, तिच्याबरोबर दोन्ही बीजकोषही काढले. बीजकोष गेले की ऐन तारुण्यात पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम अंगावर येतात, हाडे लवकर ठिसूळ होतात. हे तिला कुणी सांगितले नव्हते. कारण म्हणून लिहिले होते 'डी.यू.बी.', म्हणजे अनियमित रक्तस्राव. तिची पाळी घड्याळासारखी होती! काढलेली पिशवी तपासायला कुठे पाठवली का, त्याचा कागद नाही. कॅन्सरची एवढी भीती होती तर निदान तेवढे तरी बघायचे.

कॅन्सरची भीती खोटी नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या बायकांना होतो, आणि दुखायला लागल्यावर दाखवले तर उशीर झालेला असतो. पण त्याचा उपाय धडधाकट पिशव्या कापणे हा नव्हे. इथून जवळच, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. एच.पी.व्ही.ची तपासणी एकदाच केली, तरी पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणजे कोरडवाहू गावांतल्या, आपल्यासारख्याच बायकांनी जगाला दाखवून दिले की तपासा, काढू नका. मग त्या बायकांच्या शेजारच्या जिल्ह्यात काय चालले होते?

बीडचे प्रकरण २०१९ साली वर्तमानपत्रांत आले. विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की तीन वर्षांत त्या जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशभराचे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते.

हे वाचून पुण्या-मुंबईत हळहळ झाली. 'मागास बीड' असे सगळे म्हणाले. पण त्या बायका त्या पिशव्या कशासाठी काढत होत्या? पाळीचे चार दिवस फडात पाणी नाही, आडोसा नाही, कपडा बदलायला जागा नाही, डोक्यावर मोळी घेऊन गाडीची फळी चढायची, आणि बसले की खाडा. तो फड बीडमध्ये नाही. तो फड इथे आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, सगळीकडे टोळ्या येतात. ऑपरेशन बीडला झाले, पण त्याची कारणे आमच्या बांधावर तयार झाली. ज्या पोरीला मी सुई मारून फडात धाडले ती पुढच्या हंगामात आली नाही. त्याच्या पुढच्या हंगामात आली. मी विचारले, पोट कसे आहे? म्हणाली, "पिशवी काढली, ताई. आता खाडा नाही."

पुणे जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना मी एक जुनी आठवण द्यावी असे वाटते. फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या, तेव्हा ज्यांना मतिमंद म्हणत अशा मुलींना पुण्याच्या ससूनमध्ये आणून त्यांची गर्भाशये काढली. अकरा जणींची काढून झाली होती, तेव्हा स्त्री संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. कारण काय दिले होते? या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. सांभाळणाऱ्यांना त्रास होतो. तेव्हा आपण विचारले होते, की सांभाळायला पुरेशा बायका नेमायच्या की मुलींचा अवयव कापायचा? बीडच्या बायकांच्या बाबतीत प्रश्न तोच आहे. फडावर संडास आणि पाणी द्यायचे, खाड्याचा दंड बंद करायचा, की पिशवी काढायची? तिथे वसतिगृहाची सोय होती, इथे मुकादमाची आणि कारखान्याची. फरक एवढाच की इथे बाई स्वतः पैसे काढून जाते आणि उचलीच्या कर्जात आणखी रुतते. याला संमती म्हणायचे असेल तर म्हणा.

संमतीवरून आठवले. ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची असते? जाऊबाईंच्या कागदावर आमच्या दिरांची आहे, तिचा खाली अंगठा. ती दहावी शिकलेली आहे! २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात निकाल दिला. दिल्लीची बाई, फक्त तपासणीसाठी भूल दिलेली, आणि भुलीत असतानाच तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजकोष काढून टाकले. न्यायालयाने सांगितले, की जिवाला तातडीचा धोका नसताना शुद्धीवर येणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही. भरपाई किती दिली? डॉक्टरांना फी मिळाली नाही, वर पंचवीस हजार रुपये. रक्कम वाचून मला राग आला. पण तत्त्व आपल्या कामाचे आहे. नवऱ्याची सही ही बाईची सही नव्हे.

आता आपल्याच काही सहकाऱ्यांचे म्हणणे. त्या म्हणतात, हे सगळे डॉक्टर बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. असतात, त्यांना ॲलोपॅथीची सुई धरायचा अधिकारच नाही, तिथेच धरा. या वाटेने मी फार जाणार नाही. १९९६ साली पूनम वर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरवला होता, हे खरे. पुढे २०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एका वर्षाच्या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमानंतर ती औषधे द्यायला वाट करून दिली. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला २०१७ साली ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले, तो दवाखाना होमिओपॅथी शिकलेल्याचा होता. पण बीडच्या ज्या ९९ रुग्णालयांचा आकडा सभागृहात वाचला गेला, तिथे शस्त्रक्रिया करणाऱ्यांना पदव्या नव्हत्या काय? माझ्या पिशवीकडे उजेडात बघून निकाल देणाऱ्याच्या भिंतीवर मोठी पदवी टांगलेली होती. पदवी जरूर विचारा. पण पदवी बघून विश्वास टाकू नका. मी तरी आता एवढेच बघते, की हात लावून तपासले का, आणि काय केले ते कागदावर लिहून दिले का.

कायदा काय म्हणतो? दवाखान्यांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारा केंद्राचा कायदा २०१० साली आला, महाराष्ट्राने तो घेतला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. जानेवारी २०२१ मध्ये त्याचे नियम बदलले आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद लावणे सक्तीचे झाले, तक्रारीची सोयही त्यात आली. पण हे खाटा असलेल्या रुग्णालयांना. नुसती तपासणी करून सुई देणारा दवाखाना त्यात बसत नाही. (शेडमध्ये दोन खाटा टाकून दिवसभर सलाईन लावणारा बसतो की नाही, हे कुणी तपासायला आल्याचे मला आठवत नाही.) म्हणजे गावातल्या बाईचा ज्या दाराशी सर्वांत जास्त संबंध येतो, त्याच दाराला मोजपट्टी नाही. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर जिल्हावार देखरेख ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने काढली, आणि डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत लागू करा असे राज्यांना बजावले. तुमच्या जिल्ह्यात ती समिती कधी बसली, तिच्यात कुणी बाई आहे का, हे विचारणारा एक साधा अर्ज प्रत्येक संघटनेने केला पाहिजे. बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही असा दंडक २०१९ नंतर घातला गेला. तो एकट्या बीडला का? टोळ्या सहा महिने आमच्याकडे असतात.

आमच्या गटाने काय केले ते सांगते, फार नाही. डॉक्टरांच्या दारात घोषणा दिल्या नाहीत. पाच जणी भेटायला गेलो आणि चार गोष्टी मागितल्या. पूर्ण पडदा आणि तपासताना एक बाई हजर. सुईचे पाकीट समोर फोडायचे. औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी. पिशवीचा सल्ला दिला तर त्याच चिठ्ठीवर कारण लिहायचे, म्हणजे बाई ती घेऊन सरकारी दवाखान्यात दुसरे मत घेऊ शकेल. पुरुष डॉक्टरने तपासताना दुसरी बाई हजर असावी, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेतही आहे, तेही सांगितले. डॉक्टर आधी चिडले, मग म्हणाले, "पडद्याचं करतो. चिठ्ठी लिहायला वेळ कुठाय?" पडदा लागला आहे. चिठ्ठी अजून मिळत नाही. आम्ही दर वेळी मागतो, आणि मिळाली नाही की वहीत तारीख घालून लिहून ठेवतो.

घरातले सोपे नव्हते. नवरा म्हणाला, उद्या रात्री पोराला ताप आला तर त्याच्याच दारात जायचंय ना? जायचे आहे. म्हणूनच तर.

कारखान्याकडे फडावर पाणी आणि फिरते संडास मागणारा अर्ज दिला आहे. त्यावर ऊस उत्पादक म्हणून सह्या घेतल्या. सातबारा नवऱ्यांच्या नावावर असल्याने सह्या त्यांच्या लागल्या, आणि निम्म्या घरांत त्या मिळाल्या नाहीत. तोडीला उशीर होईल ही भीती. ती भीती मला चांगली ठाऊक आहे.

येत्या हंगामात टोळ्या उतरल्या की पहिल्या पंधरवड्यात आम्ही कोपीकोपीत जाणार आहोत. पिशवी काढली असेल तर कोणत्या वयात, आधी आतून तपासले होते का, आणि घरी सोडतानाचा कागद आहे का, एवढे तीन प्रश्न. ज्यांच्याकडे कागद आहे त्यांच्या परवानगीने झेरॉक्स काढू. पहिली झेरॉक्स जाऊबाईंनी स्वतः काढून आणली आणि वहीत चिकटवली. बीड, धाराशिव, जालना, नगर भागातल्या गटांनी त्यांच्याकडून निघणाऱ्या टोळ्यांमध्ये हेच तीन प्रश्न निघण्याआधी विचारावेत. म्हणजे गावी काय झाले आणि फडावर काय झाले, हे दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघता येईल.